साडेसात रुपयांची जमीन

सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर हातात आलं त्या दुपारी तात्या माझ्या ऑफिसात चहा पीत बसले होते. कराडच्या बाजारपेठेत पहिल्या मजल्यावर माझं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. लोकांची आयकराची विवरणपत्रं भरणं हा माझा धंदा. तात्यांना इंग्रजी येत नाही, पण आकडे येतात. चष्मा लावून त्यांनी कागदावरून बोट फिरवलं आणि ते एका जागी थांबलं.

"हे साडेसात रुपये कशाचं रं?"

"आकार, तात्या. जमिनीचा सारा."

"आणि हे तीन लाख?"

"सोसायटीचा बोजा."

तात्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "म्हंजी तिथला साहेब वाचणार, ह्या गड्याची जमीन साडेसात रुपयांची. त्याच्यावर कर्ज तीन लाखाचं. आणि हा चाललाय युरोप बघाया."

मी हसलो, पण उत्तर माझ्याकडे नव्हतं. सातबाऱ्यावर जमिनीची किंमत लिहिलेली नसते. हेक्टर-आरमध्ये क्षेत्र असतं, पोटखराबा असतो, पीक असतं, इतर हक्कांच्या रकान्यात कर्जाचा बोजा असतो आणि आकार असतो. या आकाराची मुळं १८३५ नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून सुरू केलेल्या जमाबंदीत जातात. जमिनीचे भाव आभाळाला गेले, आकार रुपये-पैशांतच राहिला. तात्यांची जमीन २ हेक्टर २ आर, सगळी बागायत, कृष्णेचं पाणी, गुंठ्याला लाखाच्या पुढं भाव. हे मला माहीत, तलाठ्याला माहीत, जमिनीचे व्यवहार करणाऱ्या दलालाला तर पाठ. परदेशातून तीन वर्षांसाठी मुंबईत आलेल्या अधिकाऱ्याला ते कुठून माहीत असणार?

पहिल्यांदा पर्यटक व्हिसा काढणाऱ्याला आपल्याकडे दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, कागद पूर्ण ठेवा, काही अडत नाही. दुसरा म्हणतो, त्यांना आपण नकोच आहोत, कशाला पैसे घालवता. माझा दिवस कागदांतच जातो, म्हणून मला दोन्ही पटत नाहीत. कागद पूर्ण असूनही अडतं, हे मी पाहिलंय. आणि 'आपण नकोच' हेही खरं नाही. युरोपीय आयोगाच्या आकड्यांप्रमाणे २०२४ मध्ये भारतातून शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, अकरा लाखांहून जास्त अर्ज गेले आणि सुमारे १ लाख ६५ हजार नाकारले गेले. शंभरातले पंधरा. जगाची सरासरीही साधारण तेवढीच आहे. तेव्हा आपल्यावर कुणी डूख धरलाय असं म्हणायला जागा नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. हे लोक अर्ज तपासण्याचे पैसे घेतात, तर त्यांनी काय तपासलं ते सांगितलं पाहिजे. तेवढंच मागणं आहे, आणि ते वाटतं तेवढं लहान नाही.

आधी तात्यांना युरोपला जायचं कशाला होतं, ते सांगतो. तात्यांच्या गोठ्यात पाच एचएफ गाई आहेत. होल्स्टीन फ्रिजियन. निम्मं नाव जर्मनीतल्या होल्स्टाइनचं, निम्मं हॉलंडच्या फ्रीसलँडचं. डेअरीच्या मीटिंगला आलेल्या पशुवैद्यकानं हे एकदा सांगितलं आणि तात्यांच्या डोक्यात ते बसलं. ऊस आणि दूध यांत चाळीस वर्षं गेली, मुलगी दिली, मुलगा कारखान्यात लागला. आता एकदा गाईंचं माहेर बघून यायचं, असं त्यांनी घरात जाहीर केलं. काकींना बर्फ बघायचा होता. दोघांनी मिळून स्वित्झर्लंड आणि हॉलंड ठरवलं आणि पॅरिस वाटेत येतंय म्हणून घेतलं. पैसे स्वतःचे. कुणाकडं राहायचं नव्हतं, कुणाला भेटायचं नव्हतं, कामधंदा शोधायचा नव्हता. खरा पर्यटक म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

पण अर्ज भरून देणारा पुण्याचा एजंट हे ऐकून गडबडला. तो म्हणाला, गाईंचं असलं काही कव्हरिंग लेटरमध्ये लिहू नका. आयफेल टॉवर लिहा, ॲमस्टरडॅमचे कालवे लिहा, युंगफ्राउ लिहा. सगळे लिहितात तेच लिहा. तेच लिहिलं. कव्हरिंग लेटर त्याच्याकडं तयारच होतं, फक्त नाव आणि तारखा बदलायच्या. माझ्या समोर बसून तात्यांनी त्या इंग्रजी पत्रावर मराठीत सही केली. त्या पत्रात तात्यांचं म्हणावं असं काही असलं तर ती सहीच.

पुढं जे लागतं ते बहुतेकांना ठाऊक असेल. शेंगेन करार १४ जून १९८५ ला लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावी, मोझेल नदीतल्या बोटीवर झाला. तेव्हा पाच देश होते, आज २९ आहेत. व्हिसा एकच, नियमही एकच, २००९ च्या व्हिसा संहितेतले. शुल्क २०२० च्या आधी ६० युरो होतं, मग ८० झालं आणि ११ जून २०२४ पासून ९० आहे, म्हणजे माणशी नऊ हजारांच्या आसपास. अर्ज घेणाऱ्या कंपनीचं सेवाशुल्क निराळं. ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा, जाण्यायेण्याचं आरक्षण, हॉटेलांचं आरक्षण, बँकेचा उतारा, आयकराची विवरणपत्रं. दूतावासांच्या वतीनं अर्ज गोळा करण्याचा हा धंदा आज जगभर पसरलाय आणि तो २००१ साली आपल्या मुंबईतच सुरू झाला. याचा अभिमान धरायचा की कसं, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

आता हे कागद तात्यांच्या आयुष्याला लावून बघा.

शेतीचं उत्पन्न करमुक्त. त्यामुळे तात्यांच्या विवरणपत्रात करपात्र उत्पन्न म्हणून दिसतं ते दुधाचं आणि ठेवींच्या व्याजाचं, जेमतेम काही हजार. बँकेचा उतारा सहा महिन्यांचा. पगारदाराच्या उताऱ्यात दर महिन्याच्या एक तारखेला एकसारखी रक्कम जमा होते, वाचणाऱ्याला एक लय मिळते. ऊसवाल्याच्या उताऱ्याला लय नसते. ऑक्टोबर ते डिसेंबर खातं आडवं पडलेलं. जानेवारीत कारखान्याचं बिल एकदम साडेचार लाख जमा. मग मार्च येतो आणि सोसायटीचं नवं-जुनं होतं. आपल्याकडं तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर व्याज पडत नाही, म्हणून ३१ मार्चच्या आत तीन लाख भरायचे आणि एप्रिलमध्ये नवं कर्ज म्हणून परत उचलायचे. गावातलं शेंबडं पोर हे सांगेल. उताऱ्यावर मात्र दिसतं एवढंच की साडेचार लाख अचानक आले, तीन लाख अचानक गेले, पंधरा दिवसांनी तीन लाख अचानक परत आले आणि त्याच आठवड्यात व्हिसाचा अर्ज पडला. व्हिसासाठी खात्यात पैसे फिरवणारे लोक असतात, नाही असं नाही. त्यांचा उतारा अगदी असाच दिसतो.

जन्मतारखेचं तर विचारू नका. तात्यांचा जन्म १ जूनचा. काकींचा १ जूनचा. पासपोर्टवर तसंच आहे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात उभं राहा आणि पन्नाशीपुढच्यांना हाक मारा, निम्मी मंडळी १ जूनची निघतील. शाळेत नाव घालताना मास्तरांनी वय जुळवून टाकलेली ती तारीख. आपण त्यावर विनोद करतो. परक्या माणसाला नवरा-बायको दोघंही १ जूनचे, शेजारच्या अर्जातला गावकरीही १ जूनचा, असं दिसलं तर त्याला कागद बनवलेले वाटणार नाहीत का?

बोटांचे ठसे द्यायला मुंबईला गेलो, मीही गेलो सोबत. रात्रीच्या एसटीनं, सकाळी स्टँडवर तोंड धुऊन. तात्यांचे ठसे लागले. काकींचे लागेनात. शेणात, चिखलात, राखेत चाळीस वर्षं घातलेली बोटं ती. रेशनच्या मशीनवर अंगठा उमटत नाही म्हणून त्या दर महिन्याला वाद घालतात. काऊंटरवरच्या मुलीनं ओला रुमाल दिला, हात पुसायला लावले, दाबून धरायला लावले. बिचारी चांगली होती. सहाव्या-सातव्या वेळेला जमलं. काकी बाहेर येऊन म्हणाल्या, "हितं बी माझीच बोटं खोटी." हे ठसे पाच वर्षं त्यांच्या व्हिसा माहिती प्रणालीत राहतात. त्या बोटांनी काय काय केलंय ते मात्र कुठल्याच प्रणालीत येत नाही.

अठरा दिवसांनी पाकीट आलं. दोघांनाही नकार. नकाराचा ठरलेला छापील नमुना असतो. कारणांची यादी आधीच छापलेली असते आणि लागू असेल त्या चौकटीत फुली मारायची असते. तात्यांच्या कागदावर दोन फुल्या होत्या. मुक्कामाचा हेतू आणि परिस्थिती यांबद्दल दिलेली माहिती विश्वासार्ह नाही, ही एक. व्हिसाची मुदत संपण्याआधी तुम्ही परत जाल याबद्दल रास्त शंका आहे, ही दुसरी. खाली शिक्का.

कुठली माहिती? सातबारा? उतारा? १ जून? हॉटेलचं आरक्षण? ते काही नाही. मी तो कागद तात्यांना मराठीत वाचून दाखवला. दुसऱ्या फुलीवर ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पाच गाई कुणाच्या जिवावर सोडून राहणार हुतो म्या तिथं?"

नकाराबद्दल लिहायला बसलं की लगेच पैशांकडं बोट जातं. नाकारलं तरी शुल्क परत मिळत नाही. १ लाख ६५ हजारांना ८० किंवा ९० युरोंनी गुणा, शंभर कोटी रुपयांच्या पुढं जातं. नकार दिला तर पैसे परत द्या, अशी मागणी त्यामुळे जोरात होते. मला ती मागणी फारशी पटत नाही. विवरणपत्र भरल्यावर परतावा आला नाही तर माझी फी परत द्या, असं मला कुणी म्हटलं तर मी ऐकणार नाही. काम केलं, फी घेतली. त्यांचंही म्हणणं तेच आहे: शुल्क व्हिसाचं नाही, अर्ज तपासण्याचं आहे. ठीक. पण मी फी घेतो तेव्हा कुठल्या कलमाखाली काय दाखवलं, कुठली वजावट का धरली नाही, हे माझ्या अशिलाला कागदावर देतो. नाही दिलं तर तो उद्या शेजारच्या ऑफिसात जाईल. व्हिसा कक्षाच्या शेजारी दुसरं ऑफिस नसतं. तिथं चूक झाली तर तिची किंमत अर्जदारच देतो, शुल्कही तोच देतो आणि पुढच्या अर्जाचं शुल्कही तोच. नकार देणाऱ्याला नकाराचा काडीचाही खर्च नाही. एखाद्या कामात चूक फुकट पडत असेल तर ते काम सुधारत नाही. आयकर खात्याच्या नोटिसा ऑनलाइन आणि कारणांसकट यायला लागल्यावर त्या कितीतरी कमी बिनडोक झाल्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

कायद्याच्या बाजूनं बघितलं तर अर्जदाराची बाजू आधीच लंगडी आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९६७ मध्ये सतवंतसिंग सॉहनी खटल्यात आणि पुढं १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात परदेशी जाण्याचा हक्क व्यक्तिस्वातंत्र्यात धरला. पण तो घराबाहेर पडण्याचा हक्क. दुसऱ्याच्या घरात शिरण्याचा सरसकट हक्क परक्याला नसतो, मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातही तो नाही. अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यात तर प्रवासी व्हिसा मागणारा प्रत्येक जण कायमचा राहायलाच येतोय असं धरून चालतात आणि तसं नसल्याचं सिद्ध करण्याचं ओझं त्याच्यावर. युरोपच्या न्यायालयानं १९ डिसेंबर २०१३ ला कौशकाकी या इराणी अर्जदाराच्या खटल्यात दोन गोष्टी सांगितल्या. संहितेत दिलेल्या कारणांखेरीज दुसऱ्या कारणानं व्हिसा नाकारता येणार नाही, ही अर्जदाराच्या बाजूची. माणूस परत जाणार नाही याची खात्री नसली तरी चालेल, रास्त शंका पुरे, आणि ती ठरवताना अधिकाऱ्याला भरपूर मोकळीक, ही त्याच्या विरुद्ध.

रास्त शंका म्हणजे काय? मला वाटतं, जी शब्दांत मांडता येते ती. उताऱ्यातली १२ जानेवारीची जमा कुठून आली ते कळत नाही, ही रास्त शंका. तिला उत्तर देता येतं, कारखान्याची पावती जोडता येते. नुसती फुली ही शंका झाली, पण ती रास्त आहे की कसं हे पाहायला मार्ग कुठं आहे? नकाराविरुद्ध न्यायालयापर्यंत जाता आलं पाहिजे, असं युरोपच्याच न्यायालयानं २०१७ मध्ये पोलंडच्या एका खटल्यात बजावलंय. पण प्रत्यक्षात काय? जर्मनीत नकारावर दूतावासाकडंच फेरविचार मागायची सोय होती, ती १ जुलै २०२५ पासून जगभर बंद झाली. आता पुन्हा अर्ज करा, नाही तर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा लावा. कराडहून बर्लिनला दावा लावणारा ऊसवाला माझ्या तरी पाहण्यात नाही.

आता दुसरी बाजू. ती आपल्याला बोलायला आवडत नाही, म्हणूनच बोलायला हवी. पर्यटक म्हणून जाऊन राहून गेलेले भारतीय आहेत, थोडेथोडके नाहीत. सर्बियानं भारतीयांना व्हिसाशिवाय प्रवेश दिला होता. तिथून पुढं युरोपात घुसण्याची वाट पडली म्हणून १ जानेवारी २०२३ पासून तो बंद झाला. खोटे बँक उतारे, खोटी नोकरीची पत्रं हा धंदा आपल्याच शहरांत चालतो. माझ्या ऑफिसातही दर उन्हाळ्यात एक-दोघं येतात, मागच्या तीन वर्षांची विवरणपत्रं 'जरा बरी' करून द्या म्हणून. अधिकारी संशयी झाला तर तो काही वेडा नाही.

पण मग त्या संशयानं नेमकं कोण अडतं ते बघा. खोटं काम करणाऱ्याची फाईल सुरेख असते. त्याचा उतारा लयीत असतो, पत्र ठाकठीक असतं, कारण त्याला अधिकाऱ्याला काय बघायचंय ते माहीत असतं. खऱ्या शेतकऱ्याची फाईल ओबडधोबड असते, कारण त्याचं आयुष्यच तसं आहे. शिवाय पहिल्यांदा जाणाऱ्याला ही पद्धत स्वतःच खोटं बोलायला शिकवते. व्हिसा मिळाला नसताना तिकिटाचं आरक्षण दाखवा म्हणतात. पूर्ण तिकीट काढून नकार आला तर लाखभर बुडणार, म्हणून एजंट हजार रुपयांत डमी तिकीट देतो. हॉटेलं अशी घ्यायची की नंतर रद्द करता येतील, आणि व्हिसा हातात पडला की बहुतेक जण ती रद्द करून स्वस्तातली घेतात. हे व्हिसा कक्षाला ठाऊक असतं, एजंटाला ठाऊक असतं, अर्जदाराला शिकवलेलं असतं. तात्यांच्या अर्जात खरी असलेली एकमेव गोष्ट, गाई, ती एजंटानं काढून टाकली आणि वर हेतू विश्वासार्ह नसल्याची फुली पडली. मला राहून राहून वाटतं, ती फुली मारणारा अधिकारी एका अर्थी बरोबरच होता. पत्र खोटंच होतं. फक्त कोण कशासाठी खोटं बोललं, ते त्याला कळायला मार्ग नव्हता आणि त्यानं विचारलंही नाही. विचारायची मुभा संहितेत आहे. मुलाखतीला बोलावता येतं, जास्तीचे कागद मागता येतात. फुली मारणं मात्र लवकर आटपतं.

नकारानंतर एजंटानं सांगितलेला उपाय सगळेच एजंट सांगतात. आधी थायलंड करा, दुबई करा, पासपोर्टवर चार शिक्के पडू द्या, मग युरोप. नोकरीला अनुभव लागतो आणि अनुभवाला नोकरी लागते, तसलाच हा प्रकार. एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय संघानं भारतीयांसाठी सवलत आणली ती चांगलीच आहे. तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे मिळवून नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा, नंतर पाच वर्षांचा. म्हणजे दार एकदा उघडलं की मग सताड. पहिल्यांदा कडी वाजवणाऱ्यासाठी त्यात काहीच नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर येण्याजाण्याची नोंद शिक्क्याऐवजी संगणकात व्हायला सुरुवात झाली. कोण मुदतीत परतलं, कोण नाही, याचे खरे आकडे आता त्यांच्याकडं जमतील. साठीच्या आसपासचं, जमीन आणि गुरं मागं ठेवून आलेलं जोडपं कितीदा मुदतीनंतर राहिलं, हे त्यातून काढता येईल. अंदाजानं फुल्या मारण्यापेक्षा ते आकडे वापरावेत आणि जाहीर करावेत.

इथं एक विषयांतर करतो, कारण ते डोक्यातून जात नाही. सिंधुदुर्गातल्या बांद्याच्या पुढं पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोव्यातलं पेडणे. दोन्हीकडं तेच माड, तीच काजूची बाग, तीच बोली. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाची नोंद करता येते. भारतीय नागरिकत्व सोडावं लागतं, तो सौदा ज्याचा त्याचा. पण ज्यानं ते केलं तो पेडण्याचा माणूस युरोपात रांगेशिवाय उतरतो आणि बांद्याचा माणूस सहा महिन्यांचा उतारा घेऊन मुंबईला जातो. आणि पेडणे पोर्तुगिजांकडं गेलं कधी? १७८८ मध्ये, सावंतवाडीकर भोसल्यांकडून. दोघांत परत येण्याचा इरादा कुणाचा जास्त पक्का, हे सव्वादोनशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या त्या व्यवहारावरून ठरतं, असं म्हणायला मी तरी तयार नाही.

आपल्या सरकारनंही या बाबतीत फारसं काही केलेलं नाही. तहसीलदार ऐपतीचा दाखला देतो. तो मराठीत. त्याचं भाषांतर करा, नोटरी करा, मग तो ढिगातला आणखी एक कागद. रेडी रेकनर या सरकारी दरपत्रकाप्रमाणे जमिनीची किंमत, गेल्या तीन हंगामांत कारखान्यानं दिलेलं ऊसबिल, सोसायटीचं कर्ज आणि ते वेळेवर फिटल्याची नोंद, हे सगळं सरकारी आणि सहकारी संगणकांत आहेच. ते एका पानावर, इंग्रजीत, पडताळणीच्या क्यूआर कोडसकट देणं मंत्रालयाला अवघड नाही. डिजिटल सातबारा आपण क्यूआर कोडसकट देतोच. हा एक दाखला निघाला आणि परराष्ट्र खात्यानं दूतावासांना बोलावून एकदा नीट समजावून सांगितला, तर साडेसात रुपयांचा प्रश्न तिथंच मिटेल. वाटाघाटींच्या टेबलावर आपण कुशल कामगारांच्या व्हिशांबद्दल हक्कानं बोलतो. जर्मनीनं २०२४ मध्ये भारतीय कुशल कामगारांचे व्हिसे वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांवर न्यायचं ठरवलं, महाराष्ट्रानं बाडेन-व्युर्टेम्बर्गशी करार करून पोरांना जर्मन शिकवायला घेतलं. कामाला येणारे हात हवेत, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. नुसतं बघायला येणाऱ्या डोळ्यांसाठी मात्र कुणी बोलत नाही.

उलटं चित्र बघा. फ्रीसलँडचा एखादा गवळी उद्या म्हणाला, कराडच्या बाजूला माझ्या गाईंची लेकरं आहेत, बघून येतो. तो घरी बसून आपला ई-व्हिसा काढेल. २०१४ च्या नोव्हेंबरात आपण ही सोय सुरू केली, आता पाच वर्षांचा पर्यटक ई-व्हिसाही मिळतो. त्याच्या गोठ्याचा उतारा आपण मागत नाही. मागावा असं माझं म्हणणं नाही. आपण काही सगळ्यांशीच असे उदार नाही आहोत, हेही सांगायला हवं. कराचीत नातेवाईक असलेल्या रत्नागिरीतल्या एखाद्या कोकणी मुस्लिम कुटुंबाला विचारा. व्हिसा मिळायचा तेव्हाही तो ठरावीक शहरांपुरताच असायचा, आणि त्या फाईली बघणाऱ्या आपल्या अधिकाऱ्यानंही कारण कधी सांगितलं नसेल. तात्यांच्या बाजूनं मी जे मागतोय ते त्यांच्याही बाजूनं मागावं लागेल.

तात्या-काकी डिसेंबरात व्हिएतनामला जाऊन आले. ई-व्हिसा, माणशी २५ डॉलर, पुतण्यानं मोबाईलवर फॉर्म भरला. तात्या तिथल्या म्हशी आणि भाताची खाचरं बघून खूश झाले. काकींना बर्फ काही दिसला नाही. आठ दिवसांनी परत आले, दारात हंबरडा फोडून उभ्या असलेल्या पाच गाईंपाशी.

आता पुन्हा युरोपचा अर्ज करायचाय. एजंट या वेळी नको, म्हणाले तात्या. गेल्या आठवड्यात कव्हरिंग लेटर माझ्या ऑफिसात बसून त्यांनी सांगितलं, मी मराठीत उतरवून घेतलं. पहिल्याच ओळीत गाई आहेत. आमच्या गोठ्यातल्या गाईंचं मूळ तुमच्याकडचं आहे, त्यांची कृत्रिम रेतनाची कांडी आमच्याकडं आली तेव्हा ती परत जाणार का असं आम्ही विचारलं नव्हतं, असं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, हे जरा जास्त होतंय. ते म्हणाले, बरं, ते काढ. १२ जानेवारीच्या जमेपुढं कारखान्याची पावती, मार्चच्या नव्या-जुन्यापुढं सोसायटीचं पत्र, १ जूनपुढं दोन ओळींचा खुलासा, असं एकेक करत आम्ही सातबाऱ्यापर्यंत आलो. तात्यांनी पुन्हा तेच बोट तिथंच ठेवलं.

"ही साडेसात रुपयांची वळ काढता येत न्हाई?"

"नाही तात्या. सरकारी कागद आहे."

"मग खाली लिही," ते म्हणाले, "की हे साडेसात रुपये सरकारचं हायत. जमीन माझी हाय."